०.७४२ मध्ये काय काय मावतं

जुन्या सातारा जिल्ह्याची १९४९ साली वाटणी झाली. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके वेगळे काढले गेले, त्यांना सांगली, मिरज, जत अशा विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख जोडला गेला आणि ‘दक्षिण सातारा’ नावाचा नवा जिल्हा तयार झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. वाटणी झालेल्या भावांपैकी पुढे कोणाचं कसं चाललंय, याची चर्चा गावात होतेच. सरकारदरबारी ती २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात झाली. पुण्याच्या ‘यशदा’ने तयार केलेल्या या अहवालात २०११ सालासाठी प्रत्येक जिल्ह्याचा मानव विकास निर्देशांक दिला आहे. साताऱ्याचा ०.७४२. सांगलीचाही ०.७४२. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकापर्यंत बरोबरी!

राज्याचा आकडा मात्र ०.७५२, म्हणजे हे दोन्ही जिल्हे सरासरीच्या जरा खालीच. साखर कारखाने, दूध संघ, गावोगावी हायस्कुलं, वर मुख्यमंत्री पुरवण्याची परंपरा. एवढं असून सरासरीही गाठता येऊ नये, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण इथे सरासरीच मुंबई (०.८४१), पुणे (०.८१४) आणि ठाणे (०.८००) यांनी ओढून वर नेलेली आहे. तिच्या वर मोजकेच जिल्हे आहेत. तळाशी नंदुरबार, ०.६०४.

हा आकडा कशाचा? १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल काढला. त्यामागे होते पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री मेहबूब उल हक. देशाची प्रगती दरडोई उत्पन्नावरून ठरवायची पद्धत त्यांना मोडायची होती. उत्पन्न हे साधन आहे. माणूस किती जगतो, काय शिकतो, त्याला स्वतःच्या आयुष्याबद्दल किती ठरवता येतं, हे खरं बघायचं, असं त्यांचं म्हणणं. केंब्रिजच्या दिवसांपासूनचे त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांना हे सगळं मान्य होतं, फक्त त्याचा एक आकडा करणं मान्य नव्हतं. माणसाचं आयुष्य एका अंकात कोंबणं त्यांना ओबडधोबड वाटत होतं. हक यांचा युक्तिवाद व्यवहारी होता. राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडाही तितकाच ओबडधोबड आहे, पण त्याच्याकडे सगळे बघतात. त्याला हटवायचं तर तसाच, पण माणसाकडे थोडं अधिक लक्ष असलेला आकडा पाहिजे. सेन शेवटी तयार झाले आणि निर्देशांक घडवायला त्यांनी मदतही केली.

त्याची आकडेमोड दहावीच्या गणितात बसते. भारताचं उदाहरण घेऊ. २०२५ च्या अहवालात (माहिती २०२३ ची) भारताचं जन्मवेळचं अपेक्षित आयुर्मान ७२ वर्षं आहे. मोजपट्टीचं खालचं टोक २० वर्षं, वरचं ८५. म्हणजे ६५ पैकी ५२ वर्षांची मजल: ०.८०. शिक्षणाचे दोन भाग. आज शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाला मिळू शकणारी वर्षं १३, कमाल धरलेली १८. आणि पंचविशी ओलांडलेल्या माणसांनी प्रत्यक्ष शाळेत घालवलेली सरासरी वर्षं ६.९, कमाल १५. दोन्हींची सरासरी ०.५९. उत्पन्न दरडोई सुमारे ९ हजार डॉलर, तेही बाजारभावाच्या नव्हे तर क्रयशक्तीच्या हिशेबाने. त्याचा निर्देशांक ०.६८. तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढलं की येतात ०.६८५. १९३ देशांत भारताचा क्रमांक १३०.

यातल्या दोन खुब्या कळल्या तर निर्देशांकाचा स्वभाव कळतो. पहिली उत्पन्नाची. ते सरळ न घेता त्याचा लॉगॅरिदम घेतात. वर्षाला हजार डॉलरवर जगणाऱ्याला आणखी हजार मिळाले तर उत्पन्नाचा निर्देशांक ०.१० ने चढतो. पन्नास हजारवाल्याला तेच हजार मिळाले तर ०.००३ ने. पोटभर जेवणाऱ्याच्या ताटात वाढलेल्या भाकरीला किंमत कमी, हे इथे सूत्रातच बसवलं आहे. दुसरी खुबी घनमुळाची. २०१० पर्यंत तिन्ही घटकांची साधी सरासरी घेत असत. समजा एखाद्या प्रदेशात आरोग्य ०.९, उत्पन्न ०.९, पण शिक्षण ०.३ आहे. साध्या सरासरीने ०.७ येतील आणि शिक्षणातली नामुष्की झाकली जाईल. गुणाकाराच्या पद्धतीने ०.६२ येतात. एका विषयात नापास झालेल्याला बाकीच्या दोन विषयांचे गुण आता पूर्वीइतके वाचवत नाहीत.

‘सरासरी शाळेची वर्षं’ या घटकाकडे जरा थांबून बघायला हवं, कारण इथेच सातारा-सांगलीचा इतिहास बोलतो. ही वर्षं पंचविशीपुढच्या माणसांची मोजतात. आज पहिलीत नाव घातलेली मुलगी या सरासरीत यायला जवळपास वीस वर्षं लागतील. म्हणून हा आकडा आजच्या शिक्षणमंत्र्याबद्दल फार काही सांगत नाही. तो सांगतो दोन-तीन पिढ्यांमागे कोणी काय केलं ते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात राहत, एका पंगतीत जेवत, शेतात राबून शिकत. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं स्त्रीधन मोडलं. आज साठीत असलेल्या ज्या सातारकरांच्या नावापुढे दहा-बारा शाळेची वर्षं लागतात, त्यांतल्या कित्येकांचा हिशेब त्या पंगतीपर्यंत मागे जातो. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची साक्षरता ८२.८७ टक्के आणि सांगलीची ८१.४८ टक्के होती.

देशाचं सूत्र जिल्ह्याला लावायला गेलं की अडचणी सुरू होतात. जिल्हावार अपेक्षित आयुर्मान नियमित काढलं जात नाही. नमुना नोंदणी पद्धतीतून ते राज्यापुरतं मिळतं. जिल्ह्याला तेवढा मोठा नमुनाच नसतो. मग हजार जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळं दगावली, त्यावरून आरोग्याचा अंदाज बांधतात. अंदाज वाईट नाही, पण साठीतल्या माणसाचं डायलिसिस त्यात येत नाही.

उत्पन्नाची गोष्ट याहून मजेशीर आहे. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत झालेल्या उत्पादनाचा वाटा. जिल्ह्यातल्या चुलींवर काय शिजतं, त्याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागात विट्याच्या आसपास जाऊन बघा. पाऊस नाही, जमीन हलकी, म्हणून इथली माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात शिरली. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारे हे लोक देशभरातल्या सराफकट्ट्यांवर सापडतील. त्यांनी तिकडे कमावलेला पैसा इथे बंगला, मंदिर, यात्रेतली कुस्ती या रूपाने उगवतो. पण उत्पादन झालं तमिळनाडूत किंवा उत्तर प्रदेशात, तेव्हा ते मोजलं जातं तिकडेच.

साताऱ्याचंही तसंच. जावळी-पाटणच्या डोंगरी गावांनी मुंबईच्या गिरण्यांना आणि गोद्यांना माणसं पुरवली. माथाडी कामगारांना १९६९ चा कायदा मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. दुसरा मोठा रोजगार फौजेचा. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं अपशिंगे गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. या मनीऑर्डरी जिल्ह्याच्या उत्पन्नात दिसत नाहीत, पण त्या पाठवणाऱ्यांची गैरहजेरी जनगणनेत दिसते. २०११ मध्ये साताऱ्यात हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया होत्या. आकडा वाचून खूश होण्याआधी लक्षात घ्यावं की पुरुष मुंबईला किंवा सीमेवर होते.

मग येतो सरासरीचा जुना खोडसाळपणा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्ही एकाच जिल्ह्यात. सांगलीत मिरज आणि जत. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आहे, पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं, कर्नाटकातून माणसं इथे इलाजाला येतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेलं असताना रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेलं, तेही मिरजेहूनच. आणि त्याच जिल्ह्यातल्या जतच्या पूर्वेकडच्या गावांनी, पाणी मिळणार नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या, असे ठराव केले होते. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्या ठरावांचा हवाला देऊन जतच्या चाळीस गावांवर दावा सांगायची भाषा केली, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. भाषिक अस्मितेवर अग्रलेख पडले. मला त्या ठरावांत अस्मितेपेक्षा मोजमाप जास्त दिसतं. ज्यांना ०.७४२ मान्य नव्हतं, त्यांनी आपला आकडा ग्रामसभेत मांडला होता.

सरासरीच्या या दोषाला आंतरराष्ट्रीय अहवालात एक उतारा आहे. २०१० पासून विषमता वजा करून वेगळा निर्देशांक काढतात. तसा काढला की भारताचे ०.६८५ घसरून ०.४७५ होतात. जवळजवळ एकतृतीयांश विकास विषमतेतच गळतो. जिल्ह्यांसाठी अशी वजाबाकी नेमाने होत नाही. महाराष्ट्राने मात्र स्वतःच्या अनुभवातून एक शहाणपणा केला: २००६ मध्ये सुरू झालेला मानव विकास कार्यक्रम पुढे तालुका हे एकक धरून १२५ मागास तालुक्यांत नेला. लांबच्या गावातल्या मुलींना शाळेत ने-आण करणाऱ्या एसटी गाड्या आणि सायकली या त्याच कार्यक्रमातल्या.

आपल्याकडे मोजणीची आणखी एक परंपरा आहे, अनुशेषाची. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये कोणता जिल्हा किती मागे हे रुपयांत मांडलं. रस्त्यांचे किलोमीटर, सिंचनाखालचे हेक्टर, शाळा, दवाखाने असा तो हिशेब होता. मुद्देसूद आणि प्रामाणिक. पण त्यात मोजल्या होत्या सोयी. माणूस त्यामागे आहे असं गृहीत धरलेलं. आणि माण, खटाव, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके ‘प्रगत’ पश्चिम महाराष्ट्राच्या पोटात असल्यामुळे विदर्भ-मराठवाडा-उर्वरित महाराष्ट्र या वादात ते ‘उर्वरित’मध्येच राहिले.

या हिशेबाला थेट आव्हान दिलं ते आटपाडी-खानापूरच्या माणसांनीच. १९८०च्या दशकात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बळीराजा धरण बांधलं. पैसा उभा केला नदीतली वाळू विकून. नियम असा ठरला की पाण्याचा वाटा जमिनीला नाही, कुटुंबाला. ज्याला गुंठाभर रान नाही त्यालाही. पुढे १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या आणि कृष्णेच्या पाण्यासाठी समन्यायी वाटपाची हीच मागणी लावून धरली गेली. सिंचन खात्याच्या तक्त्यात रकाना असतो ‘हेक्टर’चा. या चळवळीने ‘किती कुटुंबं’ असा रकाना मागितला. दोन्ही रकान्यांत पाणी तेवढंच. पण विकास कोणाचा, याची उत्तरं वेगवेगळी येतात.

आता सगळ्यांत अवघड जागा. २०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे साताऱ्यात ८९५ मुली होत्या आणि सांगलीत ८६७. राज्यात ८९४. निर्देशांकाच्या तळाशी असलेल्या नंदुरबारमध्ये ९४४ आणि गडचिरोलीत ९६१. सोनोग्राफीचं यंत्र, ते परवडणारा पैसा, दोनच मुलांचं कुटुंब हवं ही सुशिक्षित इच्छा, हे सगळं विकासासोबतच येतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. दुष्काळी भागाला कृष्णेचं पाणी उचलून देणाऱ्या योजनेचं नाव याच गावावरून पडलं आहे. मानव विकास निर्देशांकात या १९ जणींना कुठे जागा आहे? आयुर्मान जन्मापासून मोजतात.

जन्मलेल्यांचीही एक गोष्ट. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने एक समारंभ केला. जिल्ह्यात अनेक मुलींचं नाव ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ असं होतं. मुलीवर मुलगी झाली की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं. अशा दोनशेहून अधिक मुलींना त्यांच्या आवडीची नवी नावं देऊन तसे दाखले दिले गेले. आता या नकुशीकडे निर्देशांकाच्या नजरेने बघा. ती वर्षाच्या आत दगावली नाही. आरोग्याचा घटक वर. तिचं नाव शाळेत आहे. शिक्षणाचा घटक वर. घरी ऊस असेल तर उत्पन्नही बरं. तिन्ही रकान्यांत ती जिल्ह्याची शान वाढवते, आणि रोज सकाळी हजेरीत बाई तिला ‘नकुशी’ म्हणून हाक मारतात.

सेन यांचा मूळ आक्षेप इथे आठवतो. माणसाला काय मिळालं यापेक्षा त्याला काय करता येतं, काय होता येतं हे बघावं, असा त्यांचा आग्रह. गावापासून सहा किलोमीटरवर शाळा आहे ही सोय झाली. पण एसटी नसेल आणि घरचे एकटीला पाठवत नसतील तर त्या शाळेपर्यंत पोचण्याची क्षमता तिच्याकडे नाही. १९९० च्या दशकात माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायका निरक्षर, अंगठा उठवणाऱ्या, म्हणून परवाना नाकारला गेला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा अर्ज केला, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. साक्षरतेच्या टक्केवारीत यातल्या प्रत्येकीची भर एकसारखी, बँक काढलेली असो वा नसो. याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. टँकरवर जगणाऱ्या तालुक्यातल्या मुलीला हे करता येणं, हे कोणत्या रकान्यात घालायचं?

तरी मी आकड्याच्या विरोधात नाही. ०.७४२ नसता तर नंदुरबारचे ०.६०४ ही नसते, आणि ‘आमच्याकडे सगळं बरं चाललंय’ या भाषणाला उत्तर देता आलं नसतं. प्रश्न आकडा जुना होण्याचा आहे. जिल्ह्यांबद्दल वर दिलेलं बहुतेक सगळं २०११ चं आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली असून प्रगणक फेब्रुवारीत दारोदार जातील.

फेब्रुवारीत साखराळे, रेठरे इथल्या कारखान्यांचा हंगाम भरात असतो. बीडकडून मुकादमाची उचल घेऊन आलेली जोडपी, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘कोयते’, फडाजवळच्या कोप्यांत उतरलेली असतात. पोरं बरोबर, म्हणजे शाळा मागे राहिलेली. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर सांगली-साताऱ्याच्या उत्पन्नात मोजली जाते. जनगणनेच्या नियमाप्रमाणे गणनेचा संपूर्ण काळ जो जिथे राहतो तिथे त्याला मोजायचं, म्हणजे ही माणसंही वाळवा-कराडच्याच यादीत यायला हवीत, त्यांच्या निरक्षरतेसह आणि शाळाबाह्य पोरांसह. तसं झालं तर दोन्ही जिल्ह्यांचे आकडे थोडे खाली येतील. प्रगणक गावठाणातली घरं संपवून उसातल्या पायवाटेने कोप्यांपर्यंत गेला, तर.